भिंगरीचा पूर्ण तास

मित्रांनो, बेकरीतल्या जुन्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, केकच्या साच्यांमागे हात घातलात तर एक गोल, पिवळट पडलेली वस्तू तुमच्या हाताला लागेल. दचकू नका, मी चावत नाही. मी चावीचा टायमर आहे, आणि आता बराच म्हातारा झालो आहे. माझ्या चेहऱ्यावर साठपर्यंत आकडे आहेत आणि मधोमध लाल मूठ आहे. मूठ पिळली की मी टिकटिकत उलटा चालू लागतो आणि शून्यावर पोहोचलो की असा खणखणतो की गाढ झोपलेला माणूसही उठून बसावा. खरे तर 'खणखणत असे' असे म्हणायला हवे, कारण आता मला कुणी पिळत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, चाके जुळवली आणि शेवटी पितळेची वाटी लावली. वाटी लावणाऱ्या बाईंना थोडे कमी ऐकू येई. स्वतःला स्पष्ट ऐकू आल्याशिवाय त्या कुठलाही टायमर खोक्यात भरत नसत. त्यामुळे आम्ही सगळी भावंडे जरा भसाड्या आवाजाचीच निघालो.

मला विकत घेतले एका तरुण बेकरीवाल्याने. त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि त्याने स्वतःची भट्टी सुरू केली होती. भट्टी स्वभावाने तापट होती. जरा नजर हलली की पाव काळे पडत. म्हणून बेकरीवाला मला नेहमी थोडा कमीच पिळी. बायकोला तो सांगे, "लवकर वाजला तर पाव पुन्हा आत ढकलता येतात गं. उशिरा वाजला की झाला कोळसा." त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याच्या बेकरीतला पाव कधी करपला नाही. गिऱ्हाइके तोंड भरून कौतुक करत आणि तो पिठाचा हात माझ्यावर थोपटून म्हणे, "सगळी करामत या पठ्ठ्याची!" त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हते. तसे ते मला कधीच नव्हते म्हणा.

पुढे त्याला मुलगी झाली. ती एका जागी बसेल तर शपथ! सगळे तिला भिंगरीच म्हणू लागले. ती पिठाच्या पोत्यांवर चढे, ट्रे वाजवी, मला उगीचच पिळून पळून जाई. तिच्या खोडीने मी वाजलो की बेकरीवाला भट्टीकडे धावे आणि ती पोट धरून हसे.

बघता बघता भिंगरीची प्राथमिक शाळा संपत आली आणि हायस्कूल कोणते निवडायचे यावर घरात खल सुरू झाला. एक शाळा कोपऱ्यावरच होती. तिथे नाव घातले की प्रवेश मिळे. दुसरी नदीपलीकडची, सिस्टरांची कॅथलिक शाळा. रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या अंगणात बायका त्या शाळेविषयी बोलत, आणि भिंगरीची आई जिवाचे कान करून ऐके. पण तिथे प्रवेश परीक्षा होती. ती एकदाच देता येई. हुकली की हुकली.

"एवढ्या लांब? आणि परीक्षा? आपल्या भिंगरीला बसवणार कोण?" आई म्हणाली.

"आधी बघून तर येऊ," बेकरीवाला म्हणाला.

शाळा बघायला बापलेक गेले तेव्हा घाईत मीही बेकरीवाल्याच्या खिशातून गेलो, आणि तोही चालू अवस्थेत! शाळेच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, पालक आणि मुली शांत बसले होते. मोठ्या सिस्टर शांततेचे महत्त्व सांगत होत्या. नेमका तेव्हाच मी शून्यावर आलो. काय सांगू! सगळी बाके मागे वळली. बेकरीवाल्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

सिस्टर मात्र हसल्या. "असू द्या, असू द्या. पाव झाले वाटतं तयार!"

त्यानंतर विज्ञानाच्या खोलीत एका तरुण सिस्टरांनी काचपट्टीवर एक थेंब ठेवला आणि भिंगरीला सूक्ष्मदर्शकातून पाहायला सांगितले. ती वाकली आणि तशीच राहिली. मागच्या मुली खोळंबल्या, पण ती हलेना. ती एवढा वेळ एका जागी उभी राहिलेली मी पहिल्यांदाच अनुभवली.

"बाबा, इकडे या! हे यीस्ट आहे. आपलं, बेकरीतलं! ते जिवंत आहे, बाबा. एकाला दुसरं फुटतंय बघा!"

बेकरीवाल्याने एक डोळा मिटून पाहिले. इतकी वर्षे तो ते पिठात मिसळत आला होता, पण पाहिले कधीच नव्हते. परतीच्या बसमध्ये भिंगरी म्हणाली, "मला हीच शाळा हवी." आणि त्याने मान हलवली.

त्या दिवसापासून माझी नेमणूक बदलली. मागच्या खोलीतले पीठ मळायचे टेबल रोज संध्याकाळी पुसून लख्ख केले जाई आणि त्यावर सरावाची प्रश्नपत्रिका ठेवली जाई. परीक्षा तासाभराची होती. बेकरीवाल्याने मला पिळले, पण साठपर्यंत नाही. तो पन्नासावर थांबला. मग त्याने माझे तोंड भिंतीकडे केले. "आकडे बघत बसू नकोस, पोरी. पेपर बघ."

आईने ते पाहिले. त्याला बाजूला घेऊन ती म्हणाली, "अहो, तास तरी पुरता लावा."

"हळू बोल. भट्टीचंच गणित आहे हे. घरी लवकर वाजला तर तिथे तिच्या हाताशी वेळ उरेल. परीक्षा झाली की सांगू. खूश होईल बघ."

माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. लेकीवर त्याचा फार जीव होता. म्हणूनच हे सांगताना माझी स्प्रिंग आजही आखडते.

मी रोज वाजत राहिलो आणि भिंगरीची शेवटची पाने रोज कोरी राहत गेली. सुरुवातीला ती म्हणे, "उद्या होईल." मग तिने ते म्हणणे सोडले. तिची नखे कुरतडलेली दिसू लागली. ती मला उगीच पिळून पळायचीही थांबली. एकदा खोलीत कुणी नसताना तिने मला हातात घेतले आणि हळूच म्हणाली, "मी खूप हळू आहे का रे?" मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते. पण मला फक्त वाजता येते.

शेवटी तिने स्वतःच एक युक्ती काढली. पेपरात एक मोठा उतारा असे. तो वाचण्यात फार वेळ जाई. तिने उतारा वाचणेच सोडून दिले. त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे ती अंदाजाने ठोकून देई आणि पुढे पळे. आता पेपर माझ्या आधी संपू लागला. बेकरीवाला फक्त गणिते तपासत असे. भरलेली पाने पाहून तो आनंदाने म्हणाला, "बघ, आली की नाही सवय!"

परीक्षेच्या दिवशी तो फाटकाबाहेर उभा होता. सवयीने मीही त्याच्या खिशात होतो. भिंगरी बाहेर आली ती गोंधळलेली.

"बाबा, माझा पेपर कधीच संपला. मग मी नुसती बसून होते. घंटा होईचना."

"होईल कशी!" तो खुशीत हसला आणि त्याने सगळे गुपित सांगून टाकले.

भिंगरी हसली नाही. "रोज?" तिने विचारले.

"रोज. कशी गंमत केली!"

"बाबा, मी उतारा आधी वाचलाच नाही. घरी कधी वेळ पुरायचा नाही म्हणून." तिचा आवाज फुटला. "वेळ उरला तेव्हा वाचला. पण उत्तरं शाईने लिहून झाली होती. खोडायची नाहीत असं सांगितलं होतं."

फाटकातून मुली बडबडत बाहेर पडत होत्या.

काही दिवसांनी मोठ्या सिस्टरांनी बेकरीत फोन केला. मुलीची गणिते उत्तम आहेत, पण उताऱ्याने घात केला, प्रवेश थोडक्यात हुकला, असे त्या हळुवारपणे म्हणाल्या. बेकरीवाल्याने फोन ठेवला. त्यावर पिठाची पाच बोटे उमटली होती. आई एवढेच म्हणाली, "पोर म्हणजे पाव नव्हे हो."

त्याच संध्याकाळी भिंगरीने स्वतः टेबल पुसले. न सोडवलेली एक प्रश्नपत्रिका काढली आणि मला बापाच्या हातात दिले. "एकदा पूर्ण लावा ना, बाबा."

त्याने मला साठपर्यंत पिळले. भिंगरीने माझे तोंड आपल्याकडे वळवले आणि लिहू लागली. तिने उतारा सावकाश वाचला, एक ओळ तर दोनदा वाचली. शेवटचे पान लिहून झाल्यावर तिने पेन खाली ठेवले. मी अजून चालतच होतो. खोलीत दुसरा आवाज नव्हता. बापलेक दोघे माझी उरलेली टिकटिक ऐकत बसले.

मी वाजल्यावर त्याने प्रत्येक उत्तर पडताळून पाहिले, उताऱ्याचीसुद्धा. जवळजवळ सगळीच बरोबर होती. मग त्याने तोंडावर हात घेतले आणि तो हमसून हमसून रडला.

"रडू नका ना," भिंगरी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मला फक्त बघायचं होतं."

ती कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊ लागली. शाळा चांगली आहे, पण तिथे सूक्ष्मदर्शक नाही. बेकरीवाल्याने मला पुन्हा हात लावला नाही. आता तो स्वतःच भट्टीसमोर उभा राहतो. भिंगरीही मला शोधत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलाचा थेंब मागतात, धूळ पुसायला सांगतात. मला ते काही नको. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कुणा लेकराला समोर बसवून त्याची धाव मोजाल. तेव्हा पूर्ण मोजा, आणि त्याला खरे सांगून मोजा. ते हळू नाही हे त्याला वेळेवर कळू द्या.