कातरण

खोटं बोलायचं असलं की जावई ‘आई, आई’ असं दोनदा म्हणायचा. एरवी वर्षभरात सासूला, म्हणजे थोरलीला, एकदा हाक मारली तर मारली. त्या सकाळी चहाचा कप पुढे करतानाच त्याने दोनदा म्हटलं, आणि थोरलीने ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

चामड्याचे हातमोजे शिवायचा कारखाना थोरलीचा. शाळा दुसरीत सुटली, पण कातडं नुसतं चाचपून ते पोटाचं की पाठीचं हे ती सांगायची. मालकीण म्हणून सहीपुरती अक्षरं तेवढी घोटून ठेवली होती. बाकी कागद जावई बघायचा. हल्ली जरा जास्तच बघायचा.

झालं होतं असं, की दोन बड्या देशांची जुंपली. एकाने दुसऱ्याच्या मालावर कर चढवला, दुसऱ्याने त्याच्या. जे मोजे काल एका देशातून दुसऱ्यात स्वस्तात जायचे ते दीडपट महाग झाले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचं फावतं, तसं गिऱ्हाईक धावत थोरलीच्या दारात आलं. त्याला वीस हजार जोड हवे होते, दोन महिन्यांत. नाहीतर एकही नको. थोरली म्हणाली चार हजार. तिच्या माघारी जावई वीस हजारांना हो म्हणून आला.

चहा तसाच ठेवून ती मागच्या गोदामात गेली. तिथे खोक्यांची भिंत उभी होती. तीन बायका मान खाली घालून तयार मोज्यांच्या आतल्या पट्ट्या उसवत होत्या आणि कारखान्याच्या नावाच्या पट्ट्या लावत होत्या. थोरलीने एक मोजा हातात चढवला. अंगठ्याची शिवण तळहाताला टोचली. तिच्याकडची कधी टोचत नाही. माल त्या कर बसलेल्या देशाचाच होता. वाटेत कपडे बदलायला तिच्या घरी उतरला होता.

जावई मागोमाग आलाच. अकराला तपासनीस बाई येतील, माल इथलाच असा दाखला देतील, आईंनी अर्जावर सही तेवढी करायची. हे गिऱ्हाईक गेलं तर चाळीस बायकांच्या हाताला काम कुठून आणणार, असंही त्याने विचारलं. ते मात्र खोटं नव्हतं. दारात लेक उभी होती. तिने आईच्या नजरेला नजर दिली नाही.

बाई अकराला पाच कमी असतानाच आल्या. पावत्या पाहिल्या, हजेरी पाहिली. जावयाच्या कागदांत बोट ठेवायला जागा नव्हती. मग चष्मा पुसत त्यांनी साधंच विचारलं, “कातरण कुठं आहे?”

जावयाला प्रश्न कळलाच नाही. थोरलीला कळला. वीस हजार जोड कापायचे तर तुकड्यांचा डोंगर पडतो. कोपऱ्यात चारच पोती होती. पठ्ठ्याने सगळ्याचे कागद केले होते, कचऱ्याचा राहिला.

विकलं, जावई म्हणाला. कुणाला, असं विचारल्यावर तो सासूकडे वळला. “आई, आई, तो कातरण नेणारा कोण हो आपला?”

एकेक करत मशिनं थांबली. बाईंनी अर्ज थोरलीपुढे सरकवला. अक्षरांशी तिची ओळख जुजबी, पण आकड्यांशी पक्की. सही केली तर कदाचित निभावेलही. नाही निभावलं तर दाराला कुलूप. आणि नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाणार, तेही आजच.

तिने वीस हजारांवर आडवी रेघ ओढली, शेजारी चार हजार लिहिले.

“चार पोती कातरण, चार हजार जोड. ते आमचे,” ती म्हणाली. “मागची खोकी ट्रकमधून आलीत. त्यांच्यावर माझी सही नाही.”

मग एकेक अक्षर टाका घातल्यासारखं उमटवत तिने सही केली.

बाई गोदामाला सील लावून गेल्या. जावयाने गिऱ्हाइकाला फोन लावला. पलीकडून दोन वाक्यांत सौदा मोडला. तयार चार हजार जोडांना आता नवं दार शोधायचं होतं. तो सासूपुढे येऊन उभा राहिला.

“जावईबापू,” थोरली म्हणाली, चाळीस जणींना ऐकू जाईल अशी, “लेक माझी आहे, म्हणून घर तुमचं राहील. कागदांच्या कपाटाची किल्ली इथं ठेवा. उद्या आठला कापायच्या टेबलाशी उभे राहा. एक जोड स्वतः कापून, स्वतः शिवून आणाल, त्या दिवशी मला आई म्हणा. आणि एकदाच म्हणा.”