सजग सभासद

मुलुंड पूर्वेला, भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत 'सुखवस्तू सहकारी पतपेढी' आहे. गिरणीतली नोकरी सुटलेल्या चार कोकणी माणसांनी ती काढली, तेव्हा त्यांच्यातला एकही सुखवस्तू नव्हता. नाव ठेवताना त्यांनी परिस्थिती न लिहिता इच्छा लिहिली. पुढे पोरं शिकली, गल्लीत टॉवर आले, ऑफिसातली मंडळी सभासद झाली, आणि संचालक मंडळावर चंद्रप्रकाश गुप्ते निवडून आले. बिनविरोध. दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता.

गुप्ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले. वर्तमानपत्रातलं गुंतवणुकीचं पान ते पोथी वाचावी तसं वाचत, ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारत. महागाईचा दर, सोन्याचा भाव, कर जुन्या पद्धतीने भरावा की नव्या, सगळ्यावर त्यांचं मत तयार असे. वानवा होती ती ऐकणाऱ्याची. सुगंधाबाई मटार सोलता सोलता "हं" म्हणायच्या, पण त्या 'हं'मध्ये चक्रवाढ व्याज शिरत नाही हे गुप्त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

त्यामुळे अध्यक्ष सीताराम राणे यांनी त्यांना बोलावून घेतलं, तेव्हा गुप्त्यांना देव पावल्यासारखं झालं.

"शिक्षण निधी पडून आहे," राणे म्हणाले. "ऑडिटर दरवर्षी विचारतो, सभासदांना काय शिकवलंत. गेल्या वर्षी आपण वह्या वाटल्या, तर म्हणे हे चालणार नाही. तुम्ही शिकलेले आहात, गुप्ते. काहीतरी करा. फक्त खर्चाची पावती घ्या."

गुप्त्यांनी काचेच्या दाराचा मोठा फळा करून घेतला. वर पितळी अक्षरांत 'अर्थवार्ता' आणि खाली 'सभासद सेवा कक्ष, मानद प्रमुख: श्री. चंद्रप्रकाश गुप्ते'. रोज सकाळी ते स्वतः येऊन, वळणदार अक्षरात एक बातमी लिहून फळ्यावर लावू लागले.

कुणी वाचत नव्हतं. काचेत बघून केस नीट करत होते, एवढाच त्या फळ्याचा सभासदांना उपयोग. काउंटरवरची अक्षता दिवसभर ज्या प्रश्नांना उत्तरं देई ते वेगळेच असत: पासबुकाचं मशीन कधी दुरुस्त होणार, आणि या दिवाळीला भेट काय, डबा की चादर. गुप्त्यांनी महागाई वर्षाला ठेवीतलं किती खाते याचा तक्ता लावला, त्या दिवशी एका बाईंनी तो अगदी जवळ जाऊन वाचला. गुप्ते आशेने पुढे झाले. बाई म्हणाल्या, "भाऊ, यात चादरीचं कुठे आहे?"

गुप्त्यांच्या मनाने घेतलं की आपल्या बातम्या फार सौम्य असतात. लोकांच्या थेट खिशाला हात घालणारं काहीतरी हवं. त्या शनिवारी पेपरात तसं सापडलं. त्यांनी लिहिलं: 'बँकेतील ठेवींना ठरावीक मर्यादेपर्यंत विमा संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण लागू नसते.' माहिती अगदी खरी होती. तिच्याखाली त्यांनी लाल शाईने एक ओळ स्वतःची जोडली: 'सभासदांनी वेळीच सजग व्हावे.' आणि सही केली.

सभासद सजग झाले. कुणीतरी फळ्याचा फोटो काढून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेला, तिथून योगवर्गाच्या. रविवारी संध्याकाळपर्यंत फोटो मागे पडला आणि नुसता मजकूर उरला: पतपेढी बुडतेय, खुद्द संचालकाने लिहून दिलंय, ज्याने त्याने आपलं बघा.

सोमवारी सकाळी गुप्ते नवी बातमी घेऊन पोचले, तर रांग जिना उतरून पार इस्त्रीवाल्याच्या टेबलापर्यंत आली होती. क्षणभर त्यांना बरं वाटलं. एवढे वाचक त्यांना कधीच मिळाले नव्हते.

मग कुणीतरी म्हणालं, "हेच ते गुप्ते," आणि लोक वळले.

"अहो, असं घाबरून जायचं नसतं," गुप्ते पायरीवर उभे राहून सांगू लागले. "विमा नाही म्हणजे संस्था बुडाली असं नव्हे. गुंतवणुकीत भावनेला थारा देऊ नये. सगळे काढतात म्हणून आपण काढायचे, हीच सर्वात मोठी चूक. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याजाचंही नुकसान होतं."

"मग लाल शाईने कशाला लिहिलंत?" इरावती साठ्ये म्हणाल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या आणि लाल शाईचा अर्थ त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

गुप्त्यांनी हातातली नवी बातमी घडी करून खिशात घातली. ते रांगेच्या कडेने वर चढू लागले. काउंटरपासून तिसऱ्या जागेवर, पर्स पोटाशी घट्ट धरून, सुगंधाबाई उभ्या होत्या.

"तू इथे काय करतेस?"

"सजग होतेय," सुगंधाबाई म्हणाल्या.

"अगं, हळू बोल. संचालकाची बायको रांगेत दिसली तर लोक काय म्हणतील?"

"लोकांनी बघितलंय. माझ्यामागच्या तिघी मला बघूनच आल्या. त्या म्हणाल्या, गुप्तेवहिनी उभ्या म्हणजे आतली बातमी पक्की असणार." त्या थोड्या पुढे सरकल्या. "इतकी वर्षं म्हणत होतात ना, सुगंधा, तू माझं ऐकत नाहीस. आज ऐकलं."

गुप्ते आतल्या खोलीत जाऊन बसले. बाहेर अक्षता शांतपणे एकेकाची पैसे काढायची चिठ्ठी घेत होती आणि तिजोरीकडे बघायचं टाळत होती. दर वेळी ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला की गुप्ते मनातल्या मनात एक ठेव वजा करत. संस्था सुदृढ आहे, हे त्यांना माहीत होतं. पण पैसे कर्जात वाटलेले असतात, ते एका सकाळीत परत येत नाहीत, हेही त्यांनीच कधीतरी फळ्यावर लावलं होतं. सगळे काढून गेले आणि आपण तत्त्व धरून बसलो तर? सुगंधाचे निघतील, आपले राहतील. ती आयुष्यभर ऐकवेल. त्यांनी टेबलावरची कोरी चिठ्ठी ओढली आणि ठेव मोडण्याचं कारण लिहायच्या जागी 'वैयक्तिक' असं वळणदार अक्षरात लिहिलं.

"अक्षर झकास आहे तुमचं," मागून आवाज आला.

सीताराम राणे केव्हा आत आले ते कळलंच नव्हतं. गुप्त्यांनी चिठ्ठीवर हात ठेवला. कान तापले. त्या वयात, त्या खुर्चीत, कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखं वाटणं त्यांना फार जड गेलं.

"मी नुसता नमुना..."

"असू दे, असू दे. घाबरतो माणूस." राण्यांनी चिठ्ठी उचललीही नाही. "चला बाहेर. एकटे बसलात तर आणखी चिठ्ठ्या भराल."

बाहेर येऊन राणे काउंटरपाशी उभे राहिले. आवाज चढवला की त्यांचं मुंबईचं मराठी गळून खालून मालवणी वर येई.

"सगळ्यांका पैशे गावतले," ते म्हणाले. "कोणाक नाय म्हणूचा नाय. अक्षता, दे सगळ्यांना. फक्त एक नियम आहे, तो आधी सांगतो, मागाहून तक्रार नको. जो ठेव मोडेल त्याची जामीनकी आजपासून रद्द. तो ज्याला जामीन आहे, त्या कर्जदाराने आजच्या आज दुसरा जामीन आणायचा, नाहीतर कर्ज फेडायचं. बस. आता या एकेक."

माणसं पुढे काउंटरकडे बघायची सोडून मागे-पुढे, एकमेकांकडे बघू लागली.

"सुर्वे," एक जण हळूच म्हणाला, "माझ्या घराच्या कर्जाला तुमची सही आहे ना?"

"आहे. आणि माझ्या रिक्षाच्या कर्जाला तुमची."

"मग तुम्ही कशाला उभे आहात?"

"तुम्ही उभे दिसलात म्हणून."

हे लोण जिन्यावरून खाली गेलं. जावेने जावेला धरलं. योगवर्गातल्या दोघी, ज्या गेली दोन वर्षं शेजारी शेजारी शवासन करत होत्या, त्यांना आत्ता आठवलं की एकीच्या मुलाचं शैक्षणिक कर्ज दुसरीच्या सहीवर उभं आहे. थोडी बाचाबाची झाली, एकाने एकाचा बाप काढला, पण कुणीच पहिला पुढे होईना. तासाभरात जिना मोकळा झाला. जाताना दोघा-तिघांनी दिवाळीच्या भेटीचं काय झालं, तेही विचारून घेतलं.

सुगंधाबाई काउंटरशी पोचल्या होत्या, पण त्याही वळल्या.

"माझ्या मावसबहिणीच्या पार्लरला मी जामीन आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही जोखमीवर व्याख्यान दिलं असतंत."

सगळे गेल्यावर गुप्ते राण्यांच्या समोर येऊन बसले. उपविधी त्यांनी तीनदा वाचले होते.

"राणेसाहेब, असा नियम आपल्याकडे नाहीये."

"नाही?" राणे चहा बशीत ओतत म्हणाले. "मग पुढच्या सभेत मांडू. आपल्या सभेत आजवर काय नामंजूर झालंय?"

"पण हे खोटं झालं."

"तुमचं खरं होतं ना, गुप्ते. बघितलंत काय झालं ते." ते रागावलेले नव्हते, हेच गुप्त्यांना जास्त लागलं. "फळा उद्यापासून बंद. तुम्ही दारापाशी टेबल टाकून बसा. कोणी काही विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर गप्प बसा."

दोन आठवडे कुणी काही विचारलं नाही. पत्ता विचारायला एक कुरियरवाला तेवढा आला. मग एका दुपारी इरावतीबाई येऊन समोर बसल्या. त्यांच्या इमारतीतला एक गृहस्थ एका योजनेत पैसे घालायला सांगत होता. दर महिन्याला शंभराला पाच, आणि आणखी दोन सभासद आणले की वर कमिशन.

"घालू नका," गुप्ते म्हणाले.

"का?"

गुप्त्यांनी श्वास घेतला. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला किती, इतका परतावा कुठलाही प्रामाणिक धंदा का देऊ शकत नाही, नव्या लोकांच्या पैशांतून जुन्यांना कसं दिलं जातं, सगळं ओठांवर आलं. त्यांनी बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे तीच नजर होती, मटार सोलतानाची.

"माझा मेहुणा, सुगंधाचा भाऊ, बुडाला त्यात," ते म्हणाले. "घर विकावं लागलं."

"अगंबाई," इरावतीबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधला चेक काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि गुप्त्यांच्याच टेबलाखालच्या डब्यात टाकले. "बरं झालं विचारलं. आमच्या मजल्यावर अजून चौघं घालणार होते. सांगते त्यांना."

त्या गेल्यावर अक्षता काउंटरवरून वाकून बघत होती.

"काका, सुगंधाकाकूंना तर भाऊच नाहीये ना?"

"नाही," गुप्ते म्हणाले. त्यांनी खुर्ची दाराच्या आणखी जवळ ओढली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसले.