‘थांब’ म्हटलं की एक फरशी

मुलांनो, असं समजा, की तुमच्या घरात कुणी ‘थांब’ म्हटलं की जमिनीत एक नवी फरशी येते. आवाज होत नाही, धूळ उडत नाही. आधी बारा होत्या, आता तेरा आहेत, एवढंच.

शाल्मलीच्या घरात हे असंच होतं. शाल्मली साडेसहा वर्षांची. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना ती फरशा मोजायची, म्हणून तिलाच ते आधी कळलं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मशीन मांडून लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची.

“आई, माझा दात हलतोय. बघ ना.”

“थांब गं, एवढी साडी होऊ दे.”

तेरा.

“आता बघ.”

“एक मिनिट!”

पंधरा. एका मिनिटाला दोन फरशा पडतात, हेही तिला समजलं. ‘नंतर बघू’ला पाच.

बाबांनी मिस्त्रीला बोलावून आणलं. त्याने गुडघे टेकून फरशी ठोकून पाहिली.

“ही काढता यायची नाही, साहेब. बसवलेली असती तर काढली असती. ही उगवलेली आहे.”

“मग काय करायचं?”

“उगवू देऊ नका.”

बाबांनी त्याच दिवशी नियम केला. आजपासून घरात कुणीही ‘थांब’ म्हणायचं नाही.

“बरोबर आहे तुमचं,” आई म्हणाली. “थांबा, दूध उतू जातंय.”

मान देऊन म्हटलं तरी फरशी आलीच.

आठवड्याभरात बाबा पाणी प्यायला सायकलवरून जाऊ लागले. पोळ्या ताटात पडेपर्यंत गार होऊ लागल्या. फरशा वाढल्या, पण ट्यूबलाइट काही वाढल्या नाहीत. त्या दोनच राहिल्या, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. मधल्या फरशांवर दिवसाही अंधार असे. त्याच्या पलीकडे, उजेडात, आई अंगठ्याएवढी दिसायची. शाल्मली जबडा वासून तिला दात दाखवायची.

“छान आहे हं!” आई ओरडायची.

“काय छान आहे?”

उत्तर यायला वेळ लागायचा.

“चित्र!”

दात आता नुसता लोंबत होता. तो पडायच्या आत आईने त्याला बोट लावून बघावं, एवढंच शाल्मलीला हवं होतं. पडलेला दात काय, कुणीही बघतं.

शनिवारी बाबा कामावर गेल्यावर तिने निघायचं ठरवलं. दप्तरात पाण्याची बाटली घेतली, चार बिस्किटं घेतली. चपलेचा पट्टा लावायला बसली, तेवढ्यात हर्षू रांगत आला आणि पट्टा ओढू लागला. हर्षू म्हणजे तिचा भाऊ, दहा महिन्यांचा.

“थांब रे!” ती म्हणाली.

फरशी आली. अगदी तिच्या पायापाशी. आजवरच्या सगळ्या मोठ्या माणसांच्या होत्या. ही पहिली तिची. शाल्मलीने तिच्यावर हात ठेवून पाहिला. फरशी कोमट होती. ती बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

मान वर केली, तर हर्षू निघालेला होता. लांबवर मशीन चालू होतं, खटखट, खटखट, आणि तो त्या आवाजाकडे रांगत होता. भराभर, मागे न बघता. उजेड संपतो तिथवर तो पोचलासुद्धा.

“शाल्मली,” लांबून आईचा आवाज आला, “हर्षूकडे लक्ष आहे ना गं?”

तुम्ही तिथे असता तर काय ओरडला असता, ते मला ठाऊक आहे. मीही तेच ओरडलो असतो. शाल्मलीच्याही घशातून तो शब्द वर आला, पार दातांपर्यंत आला. अंधारात हर्षूचे दोन गोरे तळवे तेवढे दिसत होते. मग एकच दिसू लागला.

तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले. आत, जिभेवर, दात सुटून पडला. दप्तर तिथेच टाकून, तोंड मिटलेलं तसंच धरून, ती त्या एका तळव्यामागे धावत सुटली.