आतल्या खोलीतला फोन

मोडेम दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे वायरवाले म्हणत, आणि चार दिवसांत त्यांची अब्रू पार धुळीला मिळाली होती. काकूंच्या घरी रोज दुपारी फोनच्या लाइनवरून इंटरनेट लागायचं, परदेशातल्या लेकीचा 'आई' एवढा पहिला शब्द पडद्यावर उमटायचा आणि कनेक्शन गचकायचं. वायरवाल्यांनी वायर बदलली, सॉकेट बदललं, मोडेमही बदलला. मग अक्कल संपल्यावर सगळे तज्ज्ञ करतात तेच केलं. टेलिफोन एक्स्चेंजच्या नावाने खडे फोडले.

आज मात्र काकूंचा धीर सुटला होता. "तासाभरात तिचं ऑपरेशन आहे हो! इस्पितळातल्या कॉम्प्युटरवर ताटकळत बसलीय. दोन शब्द बोलू द्या मला. नाहीतर हे डबडं खिडकीतून फेकते, आणि मागोमाग तुम्हाला."

"घरात दुसरा फोन नक्की नाही ना?" वायरवाल्यांनी पाचव्यांदा विचारलं.

"आतल्या खोलीतला बंद पडलाय," काका पेपराआडून गुरगुरले आणि उठून आत गेले. काका निवृत्त हेडक्लार्क. लेकीने कायमची नोकरी लाथाडून परदेश गाठला, तेव्हापासून तीन वर्षं त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता.

मोडेमने गळा काढला, किंचाळला, खरखरला आणि एकदाचा लागला. 'आई' उमटलं. तेवढ्यात टेबलावरच्या फोनची घंटी हळूच 'टिंग' वाजली आणि सगळं ठप्प. वायरवाल्यांनी कपाळावर हात मारला. घरातला दुसरा रिसीव्हर उचलला की पहिला फोन असाच कण्हतो, हे धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ते तरातरा आत गेले.

काका पलंगाच्या कडेवर बसले होते. रिसीव्हर कानाला घट्ट, डोळे मिटलेले.

"काका! तुम्ही?"

"नुसती खरखर येते हो," काका ओशाळून म्हणाले. "ती याच वायरीतून येते म्हणता ना? मग आवाज का नाही येत?"

तोंडाशी आलेली शिवी वायरवाल्यांनी गिळली. म्हातारा चार दिवस लेकीचा आवाज शोधत होता. त्यांना फार वाईट वाटलं, आणि तेवढाच रागही आला.

"यातून आवाज नाही, अक्षरं येतात. बाहेर चला."

"मी तिच्याशी बोलत नाही."

"नका बोलू. टाइप करा."

यात नियम कुठे मोडतो, ते हेडक्लार्कला सापडेना. लाइन पुन्हा लागली. काकूंनी घाईघाईने चार ओळींचा आशीर्वाद धाडला आणि कीबोर्ड नवऱ्यापुढे सरकवला. काकांनी एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत, चांगली तीन मिनिटं घेऊन लिहिलं : 'जेवलीस का'.

उत्तर लगेच आलं. 'बाबा, ऑपरेशनआधी उपाशी राहायचं असतं.'

काकांनी ते दोनदा वाचलं. "मी नाव कुठे घातलं होतं?" त्यांनी काकूंकडे वळून विचारलं.

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांना कोपराने ढोसलं. "मला काय विचारता? लिहा पुढे, लाइन आहे तोवर!"