सांगणाऱ्याचं तोंड

माठावरची थाळी खणकन् वाजली आणि दुपारच्या घराची शांतता मोडली. ओसरीवर वाळलेली हळद निवडत बसलेल्या निलमने मान न वळवताच ओळखलं, अंजू शाळेतून आली. थाळी उचलायची, पेला बुडवायचा आणि थाळी परत ठेवताना आपटायची, ही लेकीची रोजचीच तऱ्हा.

"हळू गं माय, दादी झोपलीय."

"सॉरी, मम्मी."

सहा वर्षांच्या तोंडातून हे 'सॉरी' इतकं गोल, इतकं नेटकं यायचं की निलमला पोरीचा मुका घ्यावासा वाटे, आणि त्याच वेळी कुठंतरी काही टोचे. ते गोलपण तिनं शिकवलेलं नव्हतं. ते पुजाचं होतं.

पुजा तिची धाकटी जाऊ. सेनगावच्या एका इंग्रजी शाळेत लहान वर्गाची मॅडम. खरं तर त्या शाळेची मुलाखत दोघींचीही होती. हिंगोलीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाली होती ती निलम. पुजाची मजल बारावी आणि एका कोर्सापर्यंतच. पण त्या सकाळी अंजू तापानं फणफणली, ओकून ओकून निळी पडली. निलम लेकराला छातीशी धरून बसली आणि पुजा एकटीच जीपमध्ये बसून गेली. संध्याकाळी पेढे घेऊन आली. सासू भिकाबाईंनी तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि म्हणाल्या, "नशीब लागतंय बाई!" निलमने पेढा खाल्ला. चांगला होता.

तेव्हापासून रोज सकाळी एक जण इस्त्रीची साडी नेसून जीपकडे जायची आणि दुसरीची बोटं हळदीनं पिवळी व्हायची. तेही निलमने सोसलं असतं. कामाचा तिला कंटाळा नव्हता, आणि अंजूला घडवण्यात आपलं इंग्रजी वाया जात नाही असं ती स्वतःला समजावत असे. पण अंजू त्याच शाळेत, काकीच्याच वर्गात गेली, आणि घरात 'काकी असं म्हणते', 'काकी तसं सांगते' सुरू झालं. वेणीसुद्धा काकीसारखी हवी. एकदा निलम तिला कविता शिकवायला बसली, तर पोरगी म्हणाली, "तू नको मम्मी, तू मॅडम न्हाई ना." लेकरू ते. पण त्या रात्री निलमला भाकरी गेली नाही.

आणि पंधरवड्यापूर्वी, न्हाऊ घालताना, अंजूने तिच्या कानाशी ओले ओठ आणले.

"मम्मी, गुपित सांगू? कोणाला सांगायचं न्हाई हां."

"न्हाई सांगत."

"काकी ना, वर्गात आपली घरची गोरमाटी बोलते. दार लावून. तांड्यावरची लेकरं रडली की म्हणते, 'अत आव', आणि मांडीवर घेते. मला पण घेतलं. मोठ्या सरांना कळलं तर ओरडतील म्हणून आमी कोणी सांगत न्हाई."

'अत आव.' इकडे ये. निलम हे शब्द अंजू जन्मली तेव्हापासून म्हणत होती. शाळेत टाकताना तिनंच ते घरातून काढून टाकले होते. पोरीचं इंग्रजी बिघडू नये म्हणून 'याडी'चं 'मम्मी' केलं होतं. आणि तेच शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून तिची लेक त्या बाईच्या मांडीवर जाऊन बसत होती! अंगावर पाणी ओतता ओतता निलमचा हात थांबला. "थंडी वाजून राहिली ना मम्मी," अंजू कुरकुरली, तेव्हा कुठं ती भानावर आली.

त्याच आठवड्यात शाळेतून पालकांसाठी कागद आला: शिक्षकांबद्दल आपलं मत इंग्रजीत कळवा, पुढच्या वर्षीच्या नेमणुकांसाठी. तांड्यावरच्या बाकीच्या घरांनी अंगठ्याएवढी सही करून तो परत पाठवला. निलमने वाचला, बाजूला ठेवला, भांडी घासली, पुन्हा वाचला. कॉलेजातले सर शिकवायचे ते आठवलं. 'लोक म्हणतात की तो प्रामाणिक आहे.' यातले 'लोक' काढून टाका. इट इज सेड दॅट. इट इज बिलीव्ह्ड दॅट. हपिसातल्या इंग्रजीत बोलणाऱ्याला पुढं आणत नाहीत. बातमी पुढं, माणूस पडद्याआड. परीक्षेत तिला या प्रश्नाला कधी मार्क कमी पडले नव्हते.

'इट हॅज बीन रिपोर्टेड दॅट,' तिने लिहिलं, आणि पुढं वर्गशिक्षिका इंग्रजीच्या तासाला स्थानिक बोली बोलतात हे नेमक्या, सभ्य शब्दांत मांडलं. चिडकं काही नाही. मी म्हणते, असंही नाही. खाली नाव लिहायची सक्ती नव्हती, म्हणून लिहिलं नाही. वाक्य इतकं सरळ उतरलं की ते आपलं नाहीच असं तिला वाटलं. जणू आधीपासून कुठंतरी लिहिलेलं होतं आणि तिने फक्त उतरवून घेतलं.

आता अंजूच्या मागोमाग पुजा अंगणात आली होती. चपला काढायचंही तिला सुचेना. इस्त्रीच्या साडीचा पदर कसाही खोचलेला.

"ताई, हे बघा ना. सरांनी मला काय दिलं."

शाळेचं नाव छापलेला कागद होता. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी शिक्षिका बघू. आणि मधोमध निलमचं वाक्य. सरांनी त्यातला एक शब्दही बदलला नव्हता. क्षणभर, फक्त क्षणभर, निलमला अभिमानच वाटला. मग तिला स्वतःची लाज वाटली आणि ती हळकुंडं चाळू लागली.

बोलण्यानं सासरे जागे झाले. रूपसिंग तांड्याचे नाईक. खोकत, पटका गुंडाळत बाहेर आले. "काय झालं गं? चेहरा काहून असा?"

"बापू, माझी तक्रार झाली."

"कुणी केली?"

"तेच तर लिहिलेलं न्हाई."

"निलम, तू वाच. तुझं शिक्षण जास्त हाय."

निलमने पदर सावरला आणि वाचलं. मग मराठीत सांगितलं, "असं कळवण्यात आलंय की..."

"थांब. कळवलं कुणी?"

"नाव न्हाई त्यात."

"लिहायचं राहिलं?"

"न्हाई बापू. तशी रीतच असते. कधी सांगणारा कोण ते माहीतच नसतं. कधी त्याच्याशी काम नसतं, बातमीशीच असतं."

"आन् कधी?"

निलमने कागद खाली ठेवला. "कधी त्याला पुढं यायचं नसतं."

रूपसिंगांनी मान हलवली. तांड्यात त्यांच्यापुढं भांडण आलं की पहिला प्रश्न एकच असे, सांगणाऱ्याचं तोंड दाखवा. मागच्या होळीला वैजनाथ आला होता, 'लोक म्हणतात लखमाच्या शेळ्यांनी माझी तूर खाल्ली' म्हणून. नाईक म्हणाले होते, 'लोकांतला एक तरी लोक इथं उभा कर.' कोणी उभं राहिलं नाही, आणि ती तक्रार तिथंच संपली. अख्खा तांडा हसला होता, निलमसुद्धा.

"एस्टीच्या डेपोत बी तसंच ओरडतात की, बापू," पुजा रडवेल्या आवाजात हसली. "सर्व प्रवाशांना कळविण्यात येते."

"ते डेपोचं तोंड हाय. गाडी न्हाई आली तर तिथं जाऊन भांडता येतंय. ह्याच्याशी कुठं जाऊन भांडू?" त्यांनी कागदावर बोट आपटलं. "बिनतोंडाचं बोलणं घरात घेऊ नका."

"पण शाळेत घेतलं ना त्यांनी," पुजा म्हणाली. मग ती निलमच्या शेजारी, हळदीच्या धुळीतच बसली. साडीची पर्वा केली नाही. "ताई, तुमीच लिहून द्या उत्तर. माझं इंग्रजी म्हंजे लेकरांपुरतं. सफरचंद, मांजर, गुड मॉर्निंग. तुमचं मोठ्या माणसांचं हाय. मुलाखतीला तुमी आल्या असत्या तर मला कोणी विचारलं बी नसतं, मला का ठाऊक न्हाई?"

निलमने इतकी वर्षं हेच ऐकायची वाट पाहिली होती. आता ते ऐकू आलं, तर हातातलं हळकुंड निसटून खाली पडलं.

"खोटं हाय असं लिहू का?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"कसं लिहिता? खरंच हाय ते. तीन-चार लेकरं नुस्ती रडायची हो, ताई. आपली अंजू तर पहिल्या आठवड्यात बाकाखाली जाऊन बसायची. तुमच्या जिवाला लागेल म्हणून घरी बोलले न्हाई. मी 'अत आव' म्हटलं तशी बाहेर आली, आणि 'याडी कुठंय' म्हणून माझ्या पदरात तोंड खुपसून राहिली." पुजाने डोळे पुसले. "तुमच्यासाठीच रडायची ती."

निलमला वाटलं, पुजाचा हात धरावा. तिने हात पुढं केलाही. पण बोटं पिवळीधमक, आणि पुजाच्या मनगटाखाली तो कागद. हात मधेच राहिला.

"दार लावलेलं असायचं," पुजा पुटपुटली. "वर्गाबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं असेल, ताई?"

दाराच्या चौकटीत अंजू उभी होती. पेला तिच्या हातातच राहिला होता. ती काकीकडे बघत होती, आजोबांकडे बघत होती, आणि मग आईकडे. तिच्या कपाळावर विचार करताना पडते तशी बारीक आठी पडली. ती जवळ आली. ओल्या हाताने तिने निलमची हनुवटी स्वतःकडे वळवली, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, पण अगदी मायेनं, विचारलं,

"याडी, मी तर फक्त तुलाच सांगितलं होतं. मग सरांना कोणी सांगितलं?"