डावं चाक

महिपतीनं उजवं चाक हातानं फिरवलं, कान लावून ऐकलं आणि जॅक उतरवला.

"साहेब, ही साइड एकदम ओके. डावी खोलू?"

शशिकांतला डावी खोलायची नव्हती. जुनी फियाट घुमते हे त्यालाही ऐकू येत होतं. पण डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, हे निदान वरच्या मजल्यावरच्या दिनानाथचं, आणि ते बायकोनं, मीनलनं, तीनदा ऐकवलेलं. दिनानाथभावजी म्हणतात. दिनानाथभावजींना गाडीतलं कळतं. म्हणून तर बदलापूरहून कॅम्प चारच्या या गॅरेजपर्यंत तो 'उजवं' घोकत आला होता.

डावं खोललं. काळ्या ग्रीसमधून बेअरिंग काढून महिपतीनं ते पुसलं आणि साहेबांच्या तळहातावर ठेवलं. रोलरना खड्डे पडले होते. दिनानाथ पास झाला होता, तोही पहिल्या नंबरानं.

डावं शेजाऱ्यानं ओळखलं होतं, हे शशिकांतनं कबूल केलं, तेव्हा नवं बेअरिंग बसवता बसवता महिपती सांगू लागला. गाडी उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकावर येतो, आवाज वाढतो.

"ज्यानं ओळखलं, त्यानं गाडी चालवलेली पायजे. बाहेरून नाय समजत."

शशिकांत हसला. दिनानाथ या गाडीत कधी बसलासुद्धा नव्हता. गाडी रविवारची, एरवी शशिकांत कंपनीच्या बसनं अंबरनाथला जाई आणि गाडी कव्हराखाली असे. परतीच्या वाटेवर मात्र ते हसू हळूहळू उतरत गेलं.

मीनल मटार सोलत होती. दिनानाथला डावं कसं कळलं, असं त्यानं जाता जाता विचारल्यासारखं केलं.

"मीच सांगितलं त्यांना. जांभूळ गावच्या वळणावर उजवीकडे घेतली, की हातात घुमायची."

हातात. शेजारी बसणारं माणूस 'हातात' म्हणत नाही.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. भावजींना रात्रपाळी, दुपारी मोकळेच असतात." तिनं पुढची शेंग उचलली. "तुम्ही शिकवाल म्हणून चार वर्षं थांबले होते."

शशिकांतकडे विचारण्यासारखं बरंच होतं. त्यानं किल्ली मटारांच्या ताटाशेजारी ठेवली.

"चल. दाखव."

तिनं पदर खोचला, आरशाचा कोन न बघताच बदलला आणि क्लच सोडला. एक तरी हिसका बसेल, म्हणून शशिकांत डाव्या सीटवर दोन्ही पाय रोवून बसला.

जांभूळचं वळण आलं, तरी एकही हिसका बसला नव्हता.