परक्या हातची गोळी

लेम्पीने ते धूड मोटारीतून काढून तळघरात आणलं तेव्हाच तिची कंबर निम्मी कामातून गेली होती. ओतीव लोखंडाचं, सासऱ्याच्या काळचं प्रेस. बंदुकीतून झाडून रिकाम्या झालेल्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं करायचं. जंगलातल्या कॅम्पवर, साउनामागच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरामागच्या, गळक्या लाकूडखोपीत ते किती हिवाळे पडून होतं कोण जाणे. दांडा हलत नव्हता, दट्ट्या जागच्या जागी चिकटला होता, आणि हात लावावा तिथून गंजाचे पापुद्रे सुटत होते. असली ब्याद कुणी फुकट दिली तरी शहाण्या माणसाने नेली नसती. ही बाई सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच्या पायांनी जाऊन घेऊन आली होती.

नवऱ्याचं, आर्वोचं, चांगलं चालतं प्रेस तिनेच वसंत ऋतूत घराबाहेर काढलं होतं. एका सकाळी टेबल पुसताना तिला पुंगळ्यांची रांग दिसली. एक रिकामी, आणि तिच्या शेजारची काठोकाठ भरलेली. बंदुकीची दारू दुप्पट झाली की बंदूक फुटते, आणि झाडणाऱ्याचा डोळा, हात, जे जवळ असेल ते घेऊन जाते. आणि आर्वोने भरलेल्या गोळ्या झाडायचा तो ऑनी, त्याचा पाठचा भाऊ. आर्वोचं विसरणं तोवर घरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं, डॉक्टरांनी त्याला नावही दिलं होतं. पण चावी फ्रिजमध्ये सापडणं वेगळं आणि हे वेगळं. लेम्पीने ऑनीला फोन केला, आणि प्रेस, दारू, ती पेटवणाऱ्या टोप्या, सगळं त्याच दिवशी त्याच्या गाडीतून गेलं.

तिला वाटलं, सुटले. कसलं काय. रोज सकाळी कॉफी झाली की आर्वो तळघरात जायचा, मोकळ्या टेबलाशी बसायचा आणि हवेतला दांडा खाली ओढायचा. ओढायचा, सोडायचा, पुढची पुंगळी उचलल्यासारखं करायचा. लेम्पीने जिन्यावरून ते पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसून ती पोटभर रडली.

त्यात त्याला संशयाने धरलं. प्रेस चोरीला गेलं म्हणे. चोर कधी ऑनी, कधी पोस्टमन, कधी पोटची पोरगी. फक्त लेम्पीवर त्याने कधी आळ घेतला नाही. तो तिच्या हातची गोळी घ्यायचा, औषधाची, आणि तिच्याच हातचं जेवायचा. जगात त्याचा विश्वास आता या एका बाईवर उरला होता, आणि प्रेस नेलं होतं नेमकं तिनेच. हे ओझं तिला त्या लोखंडाहून जड होतं.

म्हणून हे गंजकं धूड. तिने ते रॉकेलमध्ये भिजत घातलं, तारेच्या ब्रशने घासलं, घासणीने घासलं, पुन्हा भिजत घातलं. नखांत गंज, पावाच्या पिठात गंज, उशीवर गंज. आर्वो शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि चुका काढायचा. स्मरणशक्ती गेली होती, खोड कुठे गेली होती? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

दट्ट्या हलेना म्हणून एक दिवस वैतागून तिने हातोडी उचलली.

“ठेव ती खाली,” आर्वो म्हणाला. “ओतीव आहे, तडकेल. शेकव.”

“कशाने शेकवू, माझ्या डोक्याने? तापलंच आहे ते.”

“केस वाळवायचं यंत्र आण. लग्नात तुझ्या त्या खडूस आत्याने दिलेलं.”

सकाळी त्याला नातीचं नाव आठवलं नव्हतं. आत्या बरी आठवली. लेम्पीने यंत्र आणलं, ते त्या दोघांच्या वयाला शोभेल असं घरघरलं, आणि दट्ट्या गरम झाल्यावर आर्वोने त्यावर तेल सोडून दांडा हलकेच मागेपुढे केला. एक कुरकुर झाली, मग काळं पाणी ओघळलं, आणि दट्ट्या खाली आला. गंजाखाली हिरवा रंग होता. आर्वोने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “बापाचं आहे हे.” लेम्पीला वाटलं, कंबर गेली ती सत्कारणी लागली.

पण आगीतून निघून ती फुफाट्यात पडली. प्रेस आलं, म्हणजे दारू हवी. तिने पावावर भुरभुरतात ती, दारूसारखीच दिसणारी काळी खसखस आणली आणि दारूच्या जुन्या डब्यात भरली. पुंगळ्यांच्या बुडाशी झाडून झालेल्या टोप्या तशाच राहू दिल्या, आणि त्या काढणारी सुई प्रेसमधून काढून लपवली. आर्वो सकाळभर पुंगळ्या दाबायचा, मापाने खसखस घालायचा, वर शिशाची गोळी बसवायचा. दुपारी तो झोपला की लेम्पीची पाळी. काडतुसं मोकळी करायची एक पोकळ हातोडी असते, काडतूस तिच्यात अडकवून लाकडावर आपटायचं, की गोळी सुटून पडते. तिने मोरीत बसून एकेक आपटायचं, खसखस डब्यात, पुंगळ्या टोपलीत, हातोडी कपड्यांच्या साबणामागे. उद्या पुन्हा तेच. उजवा खांदा वर होईनासा झाला. कधीकधी आपटता आपटताच तिला डुलकी लागायची. हे एकदा उघडं पडलं की तो आपल्या हातचं जेवायचाही नाही, ही धास्ती मात्र झोपेतही सुटत नसे.

होता होता हरणांच्या शिकारीचा मोसम आला. आदल्या दिवशी ऑनी आर्वोला कॅम्पवर न्यायला यायचा होता. बंदूक फक्त ऑनीची, आर्वोने त्याच्या शेजारी मचाणावर बसायचं, असं ठरलं होतं. पण गोळ्या? त्यांच्या बापाचा दंडक होता, परक्याच्या हातची भरलेली गोळी झाडू नये. ऑनीने जन्मभर फक्त भावाने भरलेल्या झाडल्या होत्या, आणि दर मोसमाला आर्वो त्याच्या हातावर खोकं ठेवायचा. लेम्पीने ऑनीला फोनवर बजावलं, मुकाट्याने घे, आभार मान, आणि दुकानातलं खोकं खिशात ठेव.

ऑनी आला, खिमा भरलेली पेस्टी खाल्ली, कॉफी झाली. आर्वो तळघरातून खोकं घेऊन वर आला. ऑनीने हात पुढे केला. आर्वोने खोकं लेम्पीच्या हातात दिलं.

“दुकानातून घेतलीस ना?” त्याने भावाला विचारलं.

ऑनीचा चेहरा पाव चोरताना सापडल्यासारखा झाला. “काय?”

“काडतुसं रे. यंदा तीच वापर.”

“आजवर तुझ्याच झाडल्या मी.”

“बाप काय सांगायचा?”

“परक्याच्या हातची झाडू नये. पण तू काय परका आहेस?”

“रोज नसतो,” आर्वो बूट शोधत म्हणाला. “पण खाली टेबलाशी बसतो तो दरवेळी मीच असतो असं नाही. कधी दुसराच कुणी येऊन बसतो. माणूस वाईट नसेल, पण माझी त्याची ओळख नाही. त्याच्या हातची तुला नाही झाडू द्यायचा मी.”

गाडी तापवतो म्हणून ऑनी बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

लेम्पी खाली बसून नवऱ्याच्या बुटांच्या नाड्या बांधू लागली.

“कधी कळलं तुला?”

“पहिल्याच दिवशी. दारूला वास असतो, लेम्पी. याला बेकरीचा वास. मग विसरलो. मग पुन्हा कळलं.” तो थोडा हसला. “रोजच कळतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“एवढा गंज काढलास तू.” त्याने तिच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. “आणि दुपारी मी झोपत नाही. तुझं ठोकून होईपर्यंत डोळे मिटून पडतो. परत आलो की ती हातोडी मला दे, मी ठोकेन. पडून पडून अंग आंबतं माझं.”

लेम्पीने दुसऱ्या नाडीची गाठ दोनदा मारली.

दारातून तो मागे वळला. “मी विसरेन,” तो म्हणाला. “तू आठवण करून दे.”

गाडी गेल्यावर ती तळघरात उतरली. आज काही ठोकायचं नव्हतं. खोकं तिने प्रेसशेजारी ठेवलं, साबणामागून हातोडी काढली, आणि टेबलावर, त्याच्या उजव्या हाताला लागेल अशी ठेवून दिली. मग त्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिला झोप लागली.